फियाल्युरिडिनचा दुसरा जन्म

१९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेपटायटिस बी या यकृताच्या आजारावर फियाल्युरिडिन नावाच्या औषधाची चाचणी चालू होती. रुग्ण पंधरा. त्यांपैकी सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले. औषध बंद केल्यावरही विषबाधा वाढतच गेली, कारण ते पेशीतल्या तंतुकणिकांच्या डीएनएत जाऊन बसत होते.

असा रेणू कायमचा अडगळीत जायचा. पण न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमधील संशोधकांनी तो वेगळ्याच कामाला लावला. जनुकोपचाराची जुनी अडचण अशी, की विषाणूत भरून किंवा स्निग्ध कणांत गुंडाळून जनुक गाठीत सोडले, तरी ते पोहोचले का, कामाला लागले का, हे बाहेरून कळत नाही. गाठ मेंदूत असेल तर दर वेळी तुकडा काढून पाहणार तरी कसा?

हर्पिस विषाणूचे एक जनुक थायमिडीन कायनेज हे विकर बनवते. गँसिक्लोव्हिर दिले, तर या विकरामुळेच गाठीच्या पेशी मरतात. म्हणून उपचारासाठी ते आधीपासून वापरात होते. हेच विकर फियाल्युरिडिनला फॉस्फेट चिकटवते आणि मग तो रेणू पेशीत अडकतो. त्याला किरणोत्सारी आयोडीन-१२४ जोडले, की अडकलेली जागा पेट स्कॅनमध्ये उजळते. या आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे चार दिवसांचे, त्यामुळे निरोगी भागातून रेणू धुऊन निघेपर्यंत थांबता येते. मात्रा अर्थातच नाममात्र. औषधाच्या मात्रेशी तिची तुलनाच नाही. मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, की पाच बळींनंतरही कुणीतरी त्या रेणूचे रसायन शांतपणे पुन्हा वाचले.

२००१ मध्ये जर्मनीतील कोलोनच्या संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमाच्या पाच रुग्णांवरील निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. एकाच्याच गाठीत जनुकाची खूण दिसली. उरलेल्या चौघांना जनुक दिले होते, एवढेच म्हणता येत होते. पूर्वीच्या चाचण्यांत असे किती जण ‘उपचार घेतलेले’ म्हणून मोजले गेले असतील!

२००५ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथे यकृताच्या कर्करोगाच्या सात रुग्णांवर, फ्लोरीन-१८ जोडलेला दुसराच रेणू वापरून अशीच तपासणी झाली. विषाणूची मात्रा मोठी होती, त्या रुग्णांच्या गाठी उजळल्या. नऊ दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा तिथे काहीच दिसत नव्हते.