रासायनिक संयोगाचे नियम आणि मेट्रिक मापे

रासायनिक संयोगाचे नियम : मूलद्रव्यांपासून संयुगे तयार होताना त्यांची वस्तुमाने आणि वायूंची आकारमाने कोणत्या प्रमाणात असतात, हे सांगणारे नियम. त्यांपैकी वस्तुमानांचे नियम अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तराजूच्या काट्यावर सिद्ध होत गेले. ग्रॅमचा जन्मही त्याच काळात फ्रान्समध्ये झाला.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी 1774 मध्ये बंद काचपात्रात कथील तापवले. कथलाचे भस्म झाले, तरी पात्राचे एकूण वजन बदलले नाही. 1789 च्या ग्रंथात त्यांनी द्रव्य अक्षय्यतेचे तत्त्व स्पष्ट मांडले. 1793 मध्ये ते आणि खनिजशास्त्रज्ञ आउई वजनाच्या नव्या एककासाठी पाण्याच्या ठरावीक आकारमानाचे वजन मोजत होते. 1794 मध्ये लव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. पुढल्याच वर्षी कायद्याने ग्रॅमची व्याख्या केली : वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटीमीटर शुद्ध पाण्याचे वजन.

रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त यांनी कॉपर कार्बोनेटवर प्रयोग केले. खाणीतले असो की प्रयोगशाळेतले, त्यातील घटकांचे प्रमाण एकच भरले. हा स्थिर प्रमाणाचा नियम. डाल्टन यांचा गुणित प्रमाणाचा नियम त्यापुढचा : 12 ग्रॅम कार्बन 16 ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावला तर कार्बन मोनॉक्साइड, 32 ग्रॅमशी पावला तर कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजनचे गुणोत्तर सरळ 1:2. गे-ल्युसॅक यांनी 1808 मध्ये वायूंच्या आकारमानांतही अशीच साधी गुणोत्तरे दाखवली.

गणित करताना एकके आधी एकसारखी करावी लागतात. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या वस्तुमानांचे प्रमाण सुमारे 1:8 असते. हायड्रोजन 500 मिलिग्रॅम, म्हणजे 0.5 ग्रॅम असेल, तर त्याला 4 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 4.5 ग्रॅम पाणी मिळते. आकारमानाने मात्र हेच वायू 2:1 प्रमाणात लागतात.

आकारमानाच्या रूपांतरात विद्यार्थी हमखास चुकतात. एका मीटरचे 100 सेंटीमीटर, पण एका घन मीटरचे 10 लाख घन सेंटीमीटर, म्हणजेच 1000 लिटर.

भारतात 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजन-मापे स्वीकारली गेली. त्याआधीच्या हिशेबात 80 तोळ्यांचा शेर आणि 40 शेरांचा मण होता. तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा.

स्थिर प्रमाणाच्या नियमाला अपवादही आहेत. लोहाच्या एका ऑक्साइडमध्ये लोहाचे अणू ऑक्सिजनपेक्षा किंचित कमी असतात आणि ही तूट नमुन्यागणिक बदलते. प्रूस्त यांचे प्रतिस्पर्धी बर्थोले यांच्यावरून अशा संयुगांना ‘बर्थोलाइड’ म्हणतात.