उन्हाळी परफॉर्मन्स टायर आणि रोजची गाडी

महाराष्ट्रात टायर घ्यायला गेलेला माणूस माप सांगतो, भाव विचारतो आणि किती किलोमीटर चालेल याची खात्री करून घेतो. टायरला ऋतू असतो हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. चाकण-पिंपरीच्या मोटार कारखान्यांतून स्टुटगार्ट-म्युनिककडे कामाला गेलेल्या मराठी इंजिनिअरला मात्र पहिल्याच ऑक्टोबरात कळते की तिथे गाडीला चाकांचे दोन संच लागतात: ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी, बाकीच्या काळात उन्हाळी. त्यातही त्याने सेकंडहँड घेतलेली गोल्फ किंवा तिच्या वर्गातली गाडी ‘स्पोर्ट’ थाटाची असली, तर तिच्या उन्हाळी संचात हमखास अठरा इंची रिमवर चढवलेले २२५/४० मापाचे परफॉर्मन्स टायर असतात. शनिवारी घाटवळणांत गाडी पळवणाऱ्याला ते शोभतात. पण रोज ऑफिस, पाळणाघर आणि किराणा यांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग काय आणि भुर्दंड काय, हा या विवेचनाचा विषय आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा टायरचे पैसे वळणावर वसूल होतात ही विक्रेत्याची भाषा झाली. रोजच्या वापरात ते वसूल होतात पावसात मारलेल्या ब्रेकमध्ये. आणि त्याचा मोठा तोटा लोक समजतात तसा झिजेत नाही. तो एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सकाळी पहिल्या दहा मिनिटांत दडलेला असतो.

रबराचा स्वभाव

रबर रस्त्याला धरते ते दोन प्रकारांनी. एक म्हणजे रेणूंच्या पातळीवरचे चिकटणे. त्यासाठी कोरडा आणि स्वच्छ पृष्ठभाग लागतो. दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा. रस्त्यातली खडी आणि तिच्यावरचा बारीक खरखरीतपणा रबरात रुततो, रबर दबते, पुढे सरकते आणि परत फुलते. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते फुलताना परत करत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. या तुटीला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि ओल्या रस्त्यावर, जिथे रेणूंचे चिकटणे पाण्यामुळे क्षीण होते, तिथे पकड मुख्यतः तिच्याच जिवावर असते. म्हणजे चांगला टायर हा ऊर्जा वाया घालवणारा टायर असतो, फक्त ती योग्य ठिकाणी वाया गेली पाहिजे.

योग्य ठिकाण कोणते, हे आवृत्तीवरून ठरते. ब्रेक दाबल्यावर रबर रस्त्यावरून सेकंदाला एक मीटर वेगाने घसरते आहे असे धरा. एक मिलिमीटरच्या खडीमुळे त्याला सेकंदाला हजार धक्के बसतील, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या खरखरीतपणामुळे एक लाख. रबर हा श्यान-स्थितिस्थापक पदार्थ असल्याने त्याच्या दृष्टीने जलद धक्का आणि थंडी या दोन्ही गोष्टी सारख्याच: रेणूंच्या साखळ्यांना हलायला सवड मिळत नाही आणि रबर ताठरते. रबराचे घर्षण वेग आणि तापमान या दोहोंवर एकत्रितपणे अवलंबून असते, हे संशोधक ग्रोश यांनी १९६३ साली प्रयोगांतून मांडले. आजही टायरच्या प्रयोगशाळेत नमुना सेकंदाला दहाच्या आसपास हेलकाव्यांनी हलवतात आणि ० अंश सेल्सिअसला होणारी ऊर्जेची तूट पाहून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा अंदाज बांधतात. ६० अंशांची तूट पाहून इंधन खाणाऱ्या लोळण-रोधाचा. त्या शून्य अंशाचा हिवाळ्याशी काही संबंध नाही. साध्या दिवशी रस्त्यावर बसणाऱ्या लाखभर धक्क्यांचे ते प्रयोगशाळेतले मंद रूप आहे.

परफॉर्मन्स टायरचे मिश्रण या शून्य अंशाजवळची तूट शक्य तितकी वाढवण्यासाठी जुळवलेले असते. त्यात काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली रबर काचेसारखे ताठरते ते) जास्त असलेले स्टायरिन-ब्युटाडाईन रबर असते, राळ असते आणि सिलिका असते. नुसती काजळी भरली तर तूट सगळ्याच तापमानांना वाढते. सिलेन नावाच्या दुव्याने रबराशी बांधलेली सिलिका मात्र ० अंशाला भरपूर आणि ६० अंशांना कमी तूट देते. मिशेलिनने १९९२ च्या सुमारास सिलिकाचे टायर बाजारात आणले, आणि तेव्हापासून ओली पकड आणि इंधन यांतली जुनी ओढाताण बरीच सैलावली. पण हिशेबाची दुसरी बाजू शिल्लक राहतेच. जे रबर वीस अंशांना उत्तम ऊर्जा गिळते, ते दोन-तीन अंशांना ताठरपणाच्या उंबरठ्यावर येते. ते खडीच्या बारीक खरखरीतपणात शिरत नाही, वरवर टेकते. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाईन यांचा वाटा मोठा असतो. त्यांचे काच-संक्रमण तापमान खूप खाली असल्यामुळे ते थंडीतही नरम राहतात.

पाणी

ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा, लांबीला पंधरा-एक सेंटिमीटर. म्हणजे नक्षीचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापुरताच असतो. तेवढ्यात त्याने पाणी बाजूला सारायचे, उरलेला पातळ थर फोडायचा आणि मग खडी धरायची. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी असेल तर वीस सेंटिमीटर रुंद टायरला दर सेकंदाला सुमारे १७ लिटर पाणी हटवावे लागते. ते जमले नाही की टायर पाण्यावर तरंगू लागतो. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी विमानांच्या चाकांवरून काढलेले साधे सूत्र असे: हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा. तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. ३६ पीएसआयला हे उत्तर ताशी ६२ मैल, म्हणजे १०० किलोमीटर येते. खाचा झिजून पाण्याला वाट उरली नाही, म्हणजे ‘गोटा’ झालेला टायर असला, तेव्हाची ही गोष्ट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलैच्या सरीत गाडी हलकी झाल्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला हे सूत्र पटवून द्यावे लागणार नाही.

रुंद टायर इथे अडचणीत येतो. भार आणि दाब तेच असतील तर टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, फक्त तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. हटवायचे पाणी वाढते, वेळ कमी होतो. निर्माते रुंद सरळ खाचा देऊन याची भरपाई करतात, आणि नवा असताना परफॉर्मन्स टायर ओल्या रस्त्यावर साध्या टायरपेक्षा सहसा लवकर थांबतो. पण ही भरपाई खाचांच्या खोलीवर उभी आहे. जर्मनीत कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. तिथली मोटारचालकांची संघटना आडाक उन्हाळी टायर ३ मिलिमीटरलाच बदला म्हणते. नव्या टायरची खोली साडेसात मिलिमीटर धरली, तर कायद्याने वापरता येणारे रबर ५.९ मिलिमीटर आणि शहाणपणाने वापरता येणारे ४.५. विकत घेतलेल्या रबराचा जवळजवळ चौथा हिस्सा सोडून द्यायचा असतो. ज्यांना हे जिवावर येते, त्यांनी रुंद टायर घेऊ नयेत असे मी म्हणेन. ओल्या पकडीसाठी जास्त पैसे मोजायचे आणि मग ती पकड गेल्यावर दोन वर्षे तशीच गाडी चालवायची, हा उफराटा व्यवहार आहे.

सात अंशांचा नियम

‘पारा सात अंशांखाली गेला की उन्हाळी टायर काढा’ हे वाक्य युरोपभर ऐकू येते. सात अंशांना रबरात काहीच विशेष घडत नाही. ताठरणे हळूहळू होते, आणि चांगला उन्हाळी टायर चार-पाच अंशांना कोरड्या डांबरावर हिवाळी टायरच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी थांबतो, कारण हिवाळी टायरचे नरम, चिरा पाडलेले ठोकळे जोराच्या ब्रेकखाली वाकतात. सात हा आकडा आहे तो वेळापत्रकासाठी: दिवसाचे सरासरी तापमान तिथे पोचले की पहाटे दंव पडण्याचे दिवस आले, असा त्याचा अर्थ.

बर्फाचे गणित निराळे आहे. बर्फावर पकड येते ती ठोकळ्यांतल्या शेकडो बारीक चिरांमुळे. त्यांत बर्फ भरतो आणि बर्फाला बर्फ धरतो. परफॉर्मन्स टायरच्या पाठीवर मोठे सलग ठोकळे आणि मोजक्या चिरा असतात. म्हणून कोरड्या थंडीत त्याची पकड उतारावरून खाली येते, तर पांढऱ्या रस्त्यावर ती कड्यावरून पडते. जर्मन कायद्याने हे नेमके ओळखले आहे. तिथे हिवाळी टायरची सक्ती तारखेवर नाही, परिस्थितीवर आहे: रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेले पाणी किंवा दंव असेल तर डोंगर-हिमकणाची खूण असलेला टायर हवा, नाहीतर ६० युरो दंड आणि एक दंडगुण. शेजारच्या ऑस्ट्रियात हीच अट १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात लागू होते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सरसकट सक्तीचे आहेत.

खरा पेच मधल्या महिन्यांचा. स्टुटगार्टचे खोरे समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर आहे. जवळचे श्वेबिश आल्ब पठार सातशेच्या पुढे. उंचीमुळेच हवा तीन अंशांनी गार होते. त्यात निरभ्र रात्री रस्ता आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो, आणि पुलांवर आधी. गाडीचा तापमापक हवा मोजतो, रस्ता नाही; म्हणून अनेक गाड्या तीन-चार अंशांनाच घंटी वाजवतात. शिवाय टायर चालता चालता तापतो, पण त्याला महामार्गावरची पंधरा-वीस मिनिटे लागतात. घर ते पाळणाघर, तिथून ऑफिस अशा तुटक फेऱ्यांत तो तापतच नाही. काल दुपारी बावीस अंशांत ज्या ब्रेकवर विसंबलात, तो आज सकाळी सात वाजता तुमच्याकडे नसतो, आणि स्टिअरिंग मात्र कालच्यासारखेच तरतरीत वाटते. कमी पकडीच्या टायरपेक्षा ही फसगत मला अधिक धोक्याची वाटते.

हवेच्या दाबाचीही तीच कथा. जुलैत २८ अंशांना अडीच बार भरलेला दाब ऑक्टोबरातल्या ३ अंशांच्या पहाटे सव्वादोनच्या खाली उतरतो, गळती नसतानाही. कडाक्याच्या थंडीत तर काही निर्माते बजावतात की उणे सात किंवा त्याहून खाली गारठलेला परफॉर्मन्स टायर ऊबदार जागी दिवसभर ठेवल्याशिवाय हलवूच नका. काचेसारख्या ताठरलेल्या रबराला तडे जातात. गॅरेज नसलेल्याने डिसेंबरात ‘गाडी नुसती उभीच तर आहे’ म्हणून उन्हाळी चाके ठेवणे म्हणूनच योग्य नाही.

बाजू, रिम आणि झीज

२२५/४० आर १८ टायरची बाजू ९० मिलिमीटर उंच. त्याच गाडीला बसणाऱ्या २०५/५५ आर १६ ची ११३. बाहेरचा व्यास दोघांचा जवळजवळ सारखा, ६३७ आणि ६३२. बाजूंच्या उंचीतला फरक तेवीस मिलिमीटरचा, पण खड्डा किंवा फुटपाथची कड लागली की गादी एवढीच. बाजू रिम आणि कडेच्या मध्ये चिमटली की आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी तिथे फुगा येतो. पंक्चर काढता येते, फुगा दुरुस्त होत नाही. तो टायर बाद. बाकी गैरसोयी किरकोळ: दगडी फरसबंदीवर आवाज, आणि रात्रभर उभी राहिल्यावर पहिले दोन-चार किलोमीटर जाणवणारी थरथर.

झिजेबद्दल अमेरिकी ट्रेडवेअर आकडा पुष्कळ टायरांच्या बाजूवर कोरलेला असतो. पश्चिम टेक्सासमध्ये ४०० मैलांच्या वर्तुळावर ७,२०० मैल टायर पळवून, १०० मानलेल्या संदर्भ टायरशी तुलना करून तो ठरतो. तो निर्माताच जाहीर करतो, त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला बरा, दोन कंपन्यांची करायला कच्चा. तीनशेच्या आसपासचे टायर रोजच्या गाडीला चालतात. दोनशे आणि त्याखालचे शर्यतीच्या मैदानाकडे झुकलेले असतात. ते रोजच्या गाडीला लावणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. दोन संच म्हणजे दुप्पट टायर नव्हे, कारण एक झिजत असताना दुसरा विश्रांती घेतो. जादा खर्च रिमचा, अदलाबदलीचा आणि साठवणुकीचा. हिवाळी संच सोळा इंची घेतला तर हा खर्चही हलका होतो, फक्त ते माप गाडीच्या कागदपत्रांत मान्य हवे आणि ब्रेकला अडायला नको. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे उन्हाळ्याच्या सात महिन्यांत ७,००० होतात. २५,००० किलोमीटर टिकणारा टायर साडेतीन हंगाम पुरेल, आणि रबर म्हातारे होण्याआधी नक्षी संपेल. हा उत्तम मेळ. वर्षाला ३०,००० चालवणाऱ्याला दर दीड हंगामाने चार टायर घ्यावे लागतील. त्याने साधा टूरिंग टायर घेऊन उरलेल्या पैशांत तो वेळेवर बदलावा. आणि ४,००० चालवणाऱ्याच्या गाडीवर तो कागदोपत्री अकरा वर्षे टिकेल, पण तोवर प्राणवायूने रबर कडक केलेले असेल; नक्षी शाबूत आणि पकड गेलेली. अशाने बाजूवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन उत्पादनाचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानदाराने सवलतीत काढलेला तीन वर्षे जुना परफॉर्मन्स टायर त्याला सगळ्यात महाग पडतो.