बाईंनी बटण दाबलं नाही

लोकलमधून उतरताच तुम्ही पाटी वाचता: एंजेन्यो दि देन्त्रो. मराठीत ‘आतलं गुऱ्हाळ’. कधीकाळी इथं ऊस पिळला जायचा. आता साल 1944, आणि रिओ दि जानेरोच्या या उपनगरात आहेत रेल्वेचे कारखाने आणि भिंतीआडचं सरकारी मनोरुग्णालय. ‘ठाण्याला पाठवा याला’ म्हटलं की आपल्याकडे पुढचं काही सांगावं लागत नाही. तसलीच ही जागा.

तुमच्या अंगावर पांढरा कोट आहे. शिकाऊ डॉक्टर, एवढंच आजचं सोंग. खोलीत खाट, खाटेवर माणूस, शेजारी एक यंत्र. मेंदूला विजेचा झटका देण्याची ही तऱ्हा रोममध्ये 1938 साली निघाली आणि सहा वर्षांत इथवर पोचली. भूल देण्याची रीत अजून यायची आहे. डॉक्टर बटण दाबतात. माणूस कमानीसारखा ताठतो, मग त्याला आचके येतात. तुमची नजर आपसूक जमिनीकडे जाते.

त्याला हलवतात, दुसऱ्याला आणतात. डॉक्टर शेजारी उभ्या असलेल्या लहानखुऱ्या बाईंना सांगतात, आता तुम्ही दाबा. बाई म्हणतात, नाही दाबणार.

आवाज चढलेला नाही. पण हा नकार किती महागात पडू शकतो ते कळायचं, तर तुम्हाला थोडं मागं जावं लागेल.

1926, बाहिया. वैद्यकीय पदवीच्या वर्गात 157 पुरुष आणि एकच मुलगी, नीझी दा सिल्व्हेरा. जन्म 1905 चा, अलागोआस प्रांतातल्या मासेयोचा. वडील गणिताचे शिक्षक आणि पत्रकार, आई पियानो वाजवणारी. वर्गातला चुलतभाऊ मारियो पुढं नवरा झाला. बाकी बालपण तुम्ही भरभर ओलांडा, कारण खरी गोष्ट 1936 ची आहे. ब्राझीलमधलं झेतुलियो वार्गासचं सरकार डाव्यांना हुडकून काढत होतं. डॉ. नीझींच्या टेबलावर मार्क्सवादी पुस्तकं आहेत, अशी चहाडी त्या तेव्हा काम करत असलेल्या रुग्णालयातल्याच एका नर्सनं केली. तेवढ्यावर तुरुंग.

फ्रेइ कानेका तुरुंगाच्या कोठडीत डोकावा. इथंच त्यांची गाठ पडते ग्रासिलियानो रामोस या कादंबरीकाराशी. तोही अलागोआसचाच, तोही कैदी. त्याच्या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकात तुम्हाला बाई भेटतील. बायकांच्या कोठडीत ओल्गा बेनारियोही आहे. गरोदर असताना तिला नाझी जर्मनीच्या हवाली केलं जाईल आणि 1942 साली तिथंच मारलं जाईल. नीझीबाई सुटल्या, पण सरकारी नोकरीचं दार बंदच राहिलं. ते उघडलं 1944 मध्ये.

म्हणजे आठ वर्षांनी नोकरी परत मिळालेली बाई वरिष्ठाला ‘नाही’ म्हणते आहे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज हाच उपचार भूल देऊन करतात आणि तीव्र नैराश्यात त्यानं माणसं वाचतात. बाईंचं प्रत्येक मत आज जसंच्या तसं स्वीकारायची गरज नाही. पण त्या खोलीत, त्या दिवशी, खाटेवरच्या माणसाला कुणी काही विचारलं होतं का?

बाईंना काढून टाकलं नाही. व्यवसायोपचार विभागात ढकललं. नाव भारदस्त, काम म्हणजे रुग्णांच्या हातात झाडू आणि फडकं देऊन रुग्णालय पुसून घेणं. डॉक्टर लोक तिकडं फिरकतही नसत. बाईंना नेमकी अशीच जागा हवी होती.

आता 1946. दार ढकला. तेलरंगांचा वास, मातीचे गोळे, कागदांच्या चळती. इथंच नोकरीला असलेला आल्मिर माव्हिनिये हा चित्रकार व्हायला निघालेला तरुण बाईंच्या मदतीला आहे. तुम्ही एकाच्या पाठीशी उभं राहून ‘इथं थोडा निळा टाका’ असं सुचवायला जाता आणि अडखळता. इथला नियम उलटा आहे. कुणी शिकवायचं नाही, विषय द्यायचा नाही, चांगलं-वाईट ठरवायचं नाही. जवळ असायचं आणि बघायचं. शाळेत शिकवणारणीला आपण ‘बाई’ म्हणतो, त्या अर्थानंही या बाईच. फक्त त्यांचा सगळा धडा डॉक्टरांसाठी होता.

काही वर्षांनी याच कोपऱ्यात फर्नांदो दिनिज बसेल. आई श्रीमंतांच्या घरी शिवणकाम करायची, पोरगं सोबत असायचं. त्या घरांचे दिवाणखाने, पियानो, फरशीचे चौकोन तो कागदावर पुन्हा मांडेल. त्याआधी, काही महिन्यांतच पुन्हा डोकावलात तर एमिजियो दि बारोस दिसेल. नौदलाच्या कारखान्यातला कातारी, तेवीस वर्षं भिंतीआड काढलेला. त्याच्या खिडकीतून दिसणारी हिरवळ बघून समीक्षक थक्क होणार आहेत. आणि आदेलिना गोमेझ. आईनं आवडत्या माणसाशी लग्न होऊ दिलं नाही, पुढं एक दिवस तिनं लाडक्या मांजरीचा गळा दाबला, आणि 1937 साली ती इथं आली. तिच्या चित्रांत बाई फूल होते, फुलातून पुन्हा बाई डोकावते.

पायाशी काहीतरी घुटमळतं. आवारात उपाशी सापडलेली कुत्री, नाव कारालांपिया. बाईंनी ती एका रुग्णाच्या हवाली केली आणि तो माणूस बदलू लागला. तेव्हापासून कुत्री-मांजरं ही बाईंची ‘सहउपचारक’. सहकारी डॉक्टर हसतात. हसू द्या.

1949 साल मात्र तुम्हाला जड जाईल. साओ पावलोच्या आधुनिक कलासंग्रहालयात ‘एंजेन्यो दि देन्त्रोचे नऊ कलावंत’ हे प्रदर्शन भरतं. त्याच वर्षी मेंदू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पोर्तुगालच्या एगास मोनिझला नोबेल मिळतं. आणि त्याच वर्षी बाईंचा विरोध डावलून लुसियो नोएमान या रुग्णावर ती शस्त्रक्रिया होते. लुसियोनं आधी घडवलेले योद्धे ताठ, भरीव. नंतरची माती बघा. लहान मुलानं चिवडल्यासारखी. बाईंनी दोन्ही जपून ठेवलं. यापेक्षा बोलका पुरावा कुठल्या शोधनिबंधात मिळेल, असं मला वाटत नाही.

1952 मध्ये हे सगळं जपायला ‘अबोध मनाच्या प्रतिमांचं संग्रहालय’ उभं राहतं. चित्रांमधून गोल, आतून उमलणाऱ्या आकृत्या वारंवार निघत होत्या. 1954 साली बाईंनी त्यांचे फोटो स्वित्झर्लंडला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना पाठवले आणि विचारलं, ही मंडलं आहेत का? आपल्या देवघरातला हा शब्द रिओच्या वेड्यांच्या इस्पितळातून झुरिकला गेला. उत्तर आलं, होय. 1957 मध्ये झुरिकच्या जागतिक मनोविकार परिषदेत ही चित्रं लागली आणि प्रदर्शनाचं उद्घाटन युंग यांनी केलं. पुराणकथांचा अभ्यास करा, हा त्यांचा सल्ला बाईंनी शिरसावंद्य मानला. मग आदेलिनाच्या फुलातली बाई त्यांना ग्रीक कथेतल्या, झाड झालेल्या डाफ्नीजवळ घेऊन गेली.

घरी सोडलेली माणसं पुन्हापुन्हा रुग्णालयात परत येतात, हे बघून 1956 मध्ये त्यांनी ‘काझा दास पाल्मेइरास’ काढलं. दिवसा यावं, हातानं काही करावं, संध्याकाळी घरी जावं. दारं उघडी. रिओच्या फ्लामेंगो भागातल्या त्यांच्या घरी मांजरांच्या गराड्यात अभ्यासमंडळ भरायचं, त्यात तरुण डॉक्टर शिकले.

1975. बाई सत्तरीच्या झाल्या, सरकारी नियमानं सक्तीनं निवृत्त झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही, शिकाऊ डॉक्टर, दारात उभे आहात. बाई येतात आणि नवी शिकाऊ म्हणून कामाला लागतात.

1999 साली त्या गेल्या. 2022 मध्ये ब्राझीलच्या वीरनायकांच्या ग्रंथात त्यांचं नाव घालायला राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी नकाराधिकार वापरून मनाई केली. संसदेनं तो नकार दोन महिन्यांत मोडून काढला.

आता तुम्ही परत स्टेशनावर आहात. जुन्या रुग्णालयाला आज त्यांचंच नाव आहे. संग्रहालय आवारातच आहे, त्यात साडेतीन लाखांहून जास्त कलाकृती. कधी रिओला गेलात, तर कोपाकबानाच्या वाळूतला अर्धा दिवस वाचवा आणि ही लोकल पकडा. लुसियोचे योद्धे आवर्जून बघा.