ताटाऐवजी पेला

आधी एक खुलासा. माझ्या नावामागचं 'डॉक्टर' तत्त्वज्ञानातलं आहे. तरी वणीत अजून कोणी ना कोणी ताप आलेलं लेकरू घेऊन माझ्या दाराशी येतं. अशा माणसानं आतड्यांवर बोलावं का? बोलतो, कारण आमच्याच घरात ही गोष्ट घडली.

माझ्या पुतण्याची मुलगी, वय चौदा. पोटात कळा, जुलाब, वजन उतरत चाललेलं. आधी आतड्याचा क्षय म्हणून सहा महिने औषधं झाली. उपयोग झाला नाही. डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण क्षय आणि क्रोन्स ही दोन दुखणी आतड्यात इतकी सारखी दिसतात की आपल्या देशात भल्याभल्यांची गफलत होते. शेवटी नागपुरात निदान झालं, क्रोन्स. आणि उपचार काय, तर आठ आठवडे जेवण बंद. फक्त मोजून पाण्यात कालवलेली पावडर, दिवसातून सहा वेळा. तिची आई मला म्हणाली, "आबाजी, पोट्टी आधीच वाळली, अन् हे म्हणतात जेवू नको?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो.

या रोगाला नाव मिळालं 1932 साली. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी चौदा रुग्णांवर निबंध लिहिला. (ग्लासगोच्या डॅल्झील नावाच्या शल्यवैद्यानं 1913 मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, पण नाव चिकटलं क्रोनचं. वर्णानुक्रमाचा हा फायदा!) उपचार मात्र बराच काळ एकच होता, आतडं कापणं.

पेल्याची गोष्ट दुसरीकडून येते. अंतराळवीर काय खाणार, हा अमेरिकेपुढचा प्रश्न होता. अमिनो आम्लं, साखर, क्षार, जीवनसत्त्वं असं सगळं सुटं सुटं पाण्यात विरघळवून त्यावर माणूस जगतो का, हे विनिट्झ आणि सहकाऱ्यांनी तपासलं. 1965 साली 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला. प्रयोग झाला तो कॅलिफोर्नियातल्या कैद्यांवर. स्वयंसेवक म्हणे! तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत संमती असते, हा प्रश्न मी तीस वर्षं वर्गात विचारला, उत्तर एका वाक्यात कधीच आलं नाही. असो. माणसं जगली, हे खरं.

पुढे हे द्रावण शल्यवैद्यांच्या हाती आलं. अशक्त रुग्णाला शस्त्रक्रियेआधी जरा बळ यावं, एवढाच हेतू. मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी 1973 मध्ये जे लिहिलं ते मला फार आवडतं. शस्त्रक्रियेसाठी तयार करायला घेतलेले काही रुग्ण असे सुधारले की शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. म्हणजे तयारी म्हणून दिलेली गोष्ट हीच उपचार ठरली. 1984 साली इंग्लंडमध्ये ओमोरेन वगैरेंनी एकवीस रुग्णांत द्रावण आणि स्टेरॉइड यांची तुलना केली. द्रावण कमी पडलं नाही. नंतर कळलं की प्रथिनं इतकी सुटी करायचीही गरज नाही, दुधातल्या अख्ख्या प्रथिनांचं द्रावणही तेवढंच काम करतं. ते जरा प्यायला बरं लागतं, हे लहान मुलांच्या बाबतीत थोडंथोडकं नाही. 2014 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या क्रोन्ससाठी हा पहिला उपचार ठरला, सहा ते आठ आठवडे. स्टेरॉइडनं मुलांची वाढ खुंटते, इथे उलट वजन वाढतं. मोठ्यांत याचं चलन कमी, कारण मोठी माणसं चवीपायी मध्येच सोडतात. दिल्लीच्या एम्समध्ये मोठ्या आतड्याच्या तीव्र कोलायटिसवरही स्टेरॉइडच्या जोडीला सात दिवस असा आहार देऊन पाहिला. तो अभ्यास 2021 चा.

आता कोणी तरी उठून म्हणणार, सर, हे तर आपल्या चरकानं सांगितलंय. सांगितलंय, पण जरा नीट वाचा. मूळव्याधीच्या अध्यायात ताकाचा क्रम आहे: सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिना, आणि नंतर ताक एकदम न सोडता हळूहळू कमी करत अन्नावर यायचं. ग्रहणीतही ताकाची थोरवी आहे. पण ग्रहणी म्हणजे क्रोन्स नव्हे, आणि घरचा मठ्ठा म्हणजे ते द्रावण नव्हे. नुसत्या मठ्ठ्यावर आठ आठवडे ठेवलं तर पोरगी खरंच वाळेल. मला चरकात भावतं ते दुसरंच: परत जेवणावर येण्याची घाई नको, हे त्याला ठाऊक होतं.

आमच्या पोरीच्या सहाव्या आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. घरात सोळा भाज्या, पुरण, आंबील. पंगतीत ती बसली, पुढे पेला. डबे महाग; त्या वर्षी कापसाचे बरेचसे पैसे त्यात गेले, म्हणून एक घोट सांडला तरी तिची आई चमच्यानं गोळा करी. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "देवीचा प्रसाद आहे, एक घास खाल्ल्यानं काय होते?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. घरातला शिकलेला माणूस ना मी! मी काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, "काकू, माझा प्रसाद हाच आहे," आणि पेला तोंडाला लावला.

आठ आठवड्यांनी वजन चार किलोनं वाढलं होतं. मग नागपूरच्या सल्ल्यानं पहिल्यांदा मऊ भात, चार-पाच दिवसांनी मुगाचं वरण, आणि भाकर बऱ्याच उशिरा. गोळ्या चालू आहेत, दुखणं परत उसळू शकतं हे तिलाही माहीत आहे. रिकामा पेला अजून फडताळात आहे. तो कोणालाही वापरू देत नाही ती.