अकालजात अर्भकांचा दृष्टिपटलविकार : नामांतराचा इतिहास

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना अंधत्व आणू शकणाऱ्या या विकाराचा इतिहास त्याच्या नामांतरात साठविलेला आहे. सन १९४२ मध्ये बोस्टन येथील नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. भिंगामागे पांढरा पडदा दिसे. म्हणून त्यास 'भिंगामागील तंतुवृद्धी' या अर्थाचे नाव मिळाले. हे नाव परिणामाचे होते, कारणाचे नव्हे. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी अर्भकांस दिल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे लक्ष वेधले. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांच्या संयुक्त अभ्यासाने त्यास पुष्टी दिली. जीवरक्षणार्थ मुक्तहस्ताने दिलेला वायूच अपक्व रक्तवाहिन्यांची वाढ बिघडवीत होता. १९८४ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'अकालजातांचा दृष्टिपटलविकार' हे नाव रूढ झाले.

त्याच वर्षी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. नवजातांची शुश्रूषा खेड्यांजवळ येते, तसा हा विकारही तिच्यामागून येतो. कारण जे अर्भक जगते, त्यासच तो जडतो. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकाचे नेत्र ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा भारतातील दंडक आहे. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, ही रूढी मात्र त्याहून जुनी आहे. दृष्टिपटल सुटण्यापूर्वीच लेसरचा उपयोग होतो. म्हणून या दोन मुदतींमधील आठवडाभराचे अंतर अर्भकाच्या दृष्टीस निर्णायक ठरू शकते.