माउंट-नोंदींची विश्वसनीयता : युनिक्स परंपरेतील एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकावरील कोणते डिस्क विभाजन कोठे व कोणत्या अवस्थेत जोडलेले आहे, हा प्रश्न वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो साधनांच्या विश्वसनीयतेचा, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाला चांगला परिचित असलेला प्रश्न आहे.

डेनिस रिची व केन थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युनिक्सविषयक निबंधात माउंटची मूळ कल्पना स्पष्ट केली आहे. त्यांच्या पीडीपी-११ यंत्रावर मूळ निर्देशिका एका स्थिर-शीर्ष डिस्कवर असे. वापरकर्त्यांच्या फायली असलेली मोठी डिस्क यंत्र सुरू होताना त्या वृक्षाच्या एका पानाच्या जागी जोडली जाई. एकदा जोडणी झाली की दोन डिस्कमधील सीमा वापरकर्त्याला जवळजवळ जाणवत नसे. सीमा अशी दिसेनाशी झाल्यामुळेच ती कोठे आहे हे सांगणाऱ्या नोंदवहीची गरज भासली.

ती नोंदवही म्हणजे 'एमटॅब'. सहाव्या आवृत्तीच्या (१९७५) माहितीपुस्तिकेनुसार तिची प्रत्येक नोंद ६४ बाइटची होती. पहिल्या ३२ बाइटमध्ये जोडणीचे स्थान, उरलेल्या ३२ मध्ये उपकरणाचे नाव. हे कोष्टक केवळ माणसांना पाहण्यासाठी आहे, असे ती पुस्तिका प्रांजळपणे सांगते. नोंद दुबार झाली तरी माउंटला फरक पडत नसे आणि नोंद सापडली नाही म्हणून उमाउंट अडत नसे. खरी स्थिती कर्नलच्या स्मृतीत होती. एमटॅब हे तिच्याविषयीचे दुय्यम साधन होते. पुढे बर्कली परंपरेतून आलेल्या 'एफएसटॅब'मध्ये काय जोडावे याचा संकल्प लिहिला जाऊ लागला. संकल्प म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

दुय्यम साधनावर विसंबण्याची किंमत लिनक्समध्ये ठळकपणे दिसली. डिस्कवर दोष आढळल्यास मूळ विभाजन केवळ-वाचनीय करण्याची सूचना कर्नलला देता येते. कर्नल तसे करी. परंतु एमटॅब त्याच विभाजनावर असल्याने तिच्यात बदल लिहिणेच अशक्य होई. नुसती 'माउंट' आज्ञा देणाऱ्या व्यवस्थापकाला एमटॅबमधील जुनी नोंद दिसे आणि विभाजन लेखनक्षम असल्याचा निर्वाळा मिळे. त्याच वेळी एकही नवी फाइल जतन होत नसे. 'प्रोक'मधील 'माउंट्स' ही फाइल मात्र कर्नलच्या स्मृतीतूनच तयार होत असल्यामुळे खरी अवस्था दाखवी.

यावरचा उपाय म्हणजे नोंदवहीच काढून टाकणे. सन २००० मधील सोलारिस ८ मध्ये 'एमएनटीटॅब' ही फाइल कर्नलच्या माहितीचे निव्वळ वाचनीय रूप बनली. लिनक्समध्येही कालांतराने एमटॅब हा 'प्रोक'कडे निर्देश करणारा दुवा झाला.

तथापि, तोवर प्रश्नाचे स्वरूपच पालटले होते. २००२ मध्ये लिनक्स २.४.१९ मध्ये माउंट-नामावकाश आले आणि निरनिराळ्या प्रक्रियांना निरनिराळे वृक्ष दिसणे शक्य झाले. आज एमटॅबचा दुवा ज्या मार्गाकडे जातो त्यात 'सेल्फ' हा शब्द आहे, कारण तेथे मिळणारे उत्तर विचारणाऱ्या प्रक्रियेपुरतेच असते.