सहा टिंबांची लिपि आणि मराठी वाचक

अंधांच्या साहाय्यार्थ निघालेल्या साधनांचा इतिहास सांगतांना यंत्रांचीच थोरवी गाण्याची रीत पडली आहे. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, ह्या साऱ्या साधनांत जें अत्यंत साधें तेंच सर्वांत मोठें ठरलें. तें साधन म्हणजे सहा टिंबांची ब्रेल लिपि. मराठी माणसाच्या बोटांखालीं ती नीटपणें येण्यास जो विलंब लागला, त्याचें कारण यंत्राच्या अभावापेक्षां एकमताच्या अभावांत अधिक सांपडतें.

पॅरिसच्या अंधशाळेंत आरंभीं नेहमींचींच अक्षरें कागदावर उठावानें छापीत व मुलें तीं चांचपून वाचीत. वाचणें कष्टाचें, आणि लिहिणें तर जवळजवळ अशक्यच. १८१९ सालीं ह्या शाळेंत दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. खोगिरें करणाऱ्या बापाच्या दुकानांत हत्यार डोळ्यास लागून त्याची दृष्टि बालपणींच गेली होती. बार्बिये नांवाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें बारा टिंबांची एक खुणेची लिपि रचली होती. ब्रेलनें बारांचीं सहाच केलीं. कारण सहा टिंबें बोटाच्या अग्राखालीं एकदम मावतात. त्यांच्या मांडणीचे त्रेसष्ट प्रकार होतात. १८२९ सालीं त्यानें ही पद्धति प्रसिद्ध केली. लिहिण्यास खाचांची पाटी व एक टोचा पुरे. कागदावर उजवीकडून डावीकडे टोचीत जावयाचें आणि मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचें. अशा रीतीनें अंध मनुष्य वाचक तर झालाच, पण लेखकहि झाला.

आपल्या देशांत १८८७ सालीं मिस ॲनी शार्प यांनीं अमृतसर येथें अंधांची शाळा काढली. मुंबईस १९०० सालीं, दुष्काळाच्या त्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं जी शाळा सुरू केली तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून नांवारूपास आली. शाळा निघाल्या, पण लिपि एक नव्हती. कलकत्त्याकडे लाल बिहारी शाह यांची, मुंबईकडे डॉ. नीलकंठराय यांची, मिशनऱ्यांपैकीं कांहींची आणखी निराळी, अशा अनेक पद्धती एकाच वेळीं चालूं होत्या. टिंबें तींच, पण त्यांचा उच्चार शाळेगणिक वेगळा! एका शाळेंत शिकलेल्या मुलास दुसऱ्या शाळेंतील पुस्तक परक्या भाषेसारखें व्हावें, आणि वाचक असे विखुरल्यामुळें पुस्तकें मोठ्या संख्येनें छापणेंहि परवडूं नये, अशी ही स्थिति जवळजवळ अर्धें शतक टिकली.

१९४९ सालीं भारत सरकारनें हा प्रश्न युनेस्कोपुढें मांडला आणि १९५१ सालीं भारती ब्रेल सर्वमान्य झाली. हिचें तत्त्व सोपें आहे: समान ध्वनीस समान टिंबें. मराठीचा 'क', हिंदीचा 'क', बंगालीचा 'क' हे तिन्ही एकच. इतकेंच नव्हे, तर इंग्रजी 'के' ह्या अक्षराचींहि टिंबें तींच. देवनागरींत अक्षराच्या आधीं बसणारी ऱ्हस्व वेलांटी येथें उच्चाराप्रमाणें अक्षरानंतर येते. मराठीचा लाडका 'ळ' हाहि आपलें स्वतंत्र स्थान राखून आहे.

लिपि एक झाली, तरी पुस्तक गांवोगांव पोंचलें पाहिजे. आजऱ्याचेंच उदाहरण घ्या. पूर्वीं इचलकरंजी जहागिरींत असलेला हा गांव संकेश्वराहून आंबोलीकडे जाणाऱ्या वाटेवर वसला आहे. आगगाडी येथें येत नाहीं. ब्रेलचा कागद जाड, टिंबें मोठीं. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्यें अनेक जाड खंड होतात. अशा जड ग्रंथांचा टपालहंशील अंध वाचकानें कोठून भरावा? म्हणून आपल्या टपालखात्यानें सात किलोपर्यंतचें अंधांचें वाङ्मय भूमार्गानें विनाहंशील नेण्याची जी सवलत ठेविली आहे, ती आम्ही कोणत्याहि यंत्राइतकीच मोलाची समजतों. १५ फेब्रुवारी २००८ रोजीं स्वागत थोरात यांनीं 'स्पर्शज्ञान' हें मराठी ब्रेल पाक्षिक मुंबईहून सुरू केलें. मुंबईहून निघालेला असा अंक आजऱ्यासारख्या गांवीं पोंचावयाचा, तो टपालवाल्याच्या पिशवींतूनच.

आतां बोलते संगणक व बोलते फोन आले आहेत. वर्तमानपत्र, पत्र, बँकेचा हिशेब हें सारें अंधास दुसऱ्याची विनवणी न करितां ऐकतां येतें, हा उपकार लहान नव्हे. तथापि 'आतां ब्रेल कशास हवी?' असा जो प्रश्न ह्यामुळें विचारला जातो, तो आम्हांस घातक वाटतो. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द कानास बहुधा सारखेच. एकाचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब. भारती ब्रेलमध्यें ऱ्हस्व इकार दुसऱ्या व चवथ्या टिंबाचा, दीर्घ ईकार तिसऱ्या व पांचव्या टिंबाचा. बोटास हा भेद तत्काळ कळतो. जें मूल केवळ ऐकून शिकतें, त्यास भाषा येते, पण तिचें लेखन हातीं लागत नाहीं. डोळस मुलांना आपण केवळ गोष्टी ऐकवून साक्षर झालेलीं मानीत नाहीं. मग अंध मुलांपुरताच हा न्याय कां बदलावा? शिवाय संगणकास जोडतां येणारीं, टिंबें वरखालीं करून दाखविणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत. म्हणजे यंत्र आणि लिपि ह्यांत वैर नाहीं.

आजऱ्याचें श्रीमंत गंगामाई वाचन मंदिर शतकाहून अधिक काळ वाचकांची सेवा करीत आलें आहे. अशीं वाचनालयें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. त्या प्रत्येकांत बोलत्या संगणकाशेजारीं टिंबांच्या पुस्तकांचें एक कपाट असावें. लिपीचें एकमत घडण्यास अर्धें शतक लागलें. कपाट मांडण्यास तितका काळ लागूं नये.